शेवी ३५० ला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कुठला घ्यायचा? पहिल्यांदाच हात काळे करणाऱ्यांसाठी

गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत उभा होतो, मागून एकजण म्हणाला, "काय रे, तुझ्या त्या जुन्या शेवेलला हेडर टाकलेस की नाही अजून?" मी म्हटलं नाही, आणि टाकणारही नाहीये, तर त्याचा चेहरा असा झाला की जणू मी मोदकात गूळ घालत नाही असं बोललो. डेट्रॉईटच्या आसपास राहतो मी, इथे दर दुसऱ्या गॅरेजमध्ये कुणाची तरी जुनी गाडी झाकून ठेवलेली असते, आणि आता आपल्या ओळखीतल्या तीन मराठी पोरांनी पण मसल कार (मोठ्या इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाड्या) घेतल्यात, तिघांचाही पहिला प्रश्न हाच, एक्झॉस्टचं काय करू. एक्झॉस्ट म्हणजे जळलेला गॅस इंजिनातून बाहेर नेणारी वाट, मॅनिफोल्ड हा तिचा इंजिनला जोडलेला पहिला तुकडा, आणि हेडर म्हणजे त्याच्या जागी बसणाऱ्या लांब नळ्या. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगून झालं, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

माझी गाडी शेवीची, म्हणजे शेवरोलेची, १९७० ची शेवेल मॅलिबू, ३५० क्युबिक इंचाचं स्मॉल ब्लॉक (शेवीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनांतलं लहान आकाराचं घराणं, मोठं ते बिग ब्लॉक), दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, कारखान्याचा आकडा २५० हॉर्सपॉवर. चार बॅरलवाल्याचा ३००. हे आकडे ग्रॉस बरं का, म्हणजे इंजिन स्टँडवर ठेवून, गाडीतला एक्झॉस्ट वगैरे न लावता मोजलेले, १९७२ पासून नेट आकडे (सगळं लावून मोजलेले) द्यायला लागले म्हणून ते एकदम कमी दिसतात. तेव्हा ७० ची आणि ७२ ची तुलना करून कुणी शहाणपण शिकवायला लागला तर चहा प्या आणि सोडून द्या. खालचं सगळं शेवीच्या स्मॉल ब्लॉकबद्दल आहे, बाकीच्यांबद्दल मध्येच थोडं येईल.

आधी गाडीत नक्की कुठलं इंजिन आहे ते बघा

हसू नका. पन्नास पंचावन्न वर्षांच्या गाडीत कुणी काय बसवलंय याचा भरवसा नसतो. वरून बघायचं तर व्हॉल्व्ह कव्हर बघा, स्मॉल ब्लॉकच्या कव्हरला चार बोल्ट असतात, बिग ब्लॉकला (३९६, ४०२, ४५४) सात. दोघांचे पोर्ट, म्हणजे हेडमधली (सिलिंडरवरच्या झाकणातली) गॅस बाहेर पडायची भोकं, वेगळे, मॅनिफोल्ड एकमेकांना अजिबात चालत नाहीत. मग ब्लॉकच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे जोडलाय तिथे वरती कास्टिंग नंबर (ब्लॉक ओततानाच उमटवलेला) असतो, चिंधी घेऊन पुसा, टॉर्च मारा. ३९७००१० दिसला तर तो सगळ्यात प्रसिद्ध ३५० चा ब्लॉक, १९६९ पासून सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत ढिगाने ओतला त्यांनी.

चांगली गोष्ट ही की १९५५ च्या २६५ पासून पुढच्या जुन्या पद्धतीच्या सगळ्या स्मॉल ब्लॉकला, २८३ घ्या ३०५ घ्या ३२७ घ्या ३५० घ्या, एक्झॉस्टच्या बोल्टची जागा तीच आहे. त्यामुळे माल भरपूर मिळतो. वाईट गोष्ट पण हीच, कारण हेडला बसला म्हणजे गाडीत बसला असं वाटतं माणसाला, आणि तिथेच पैसे जातात. माझेही गेलेत, सांगतो पुढे.

हेड मूळचं बिडाचं आहे की कुणी ॲल्युमिनियमचं नवं बसवलंय तेही बघून घ्या. नव्या हेडमध्ये काही वेळा एक्झॉस्ट पोर्ट थोडा वर उचललेला असतो, आणि स्पार्क प्लग सरळ नसून तिरके असतात, मग मॅनिफोल्डची नळी नेमकी प्लगच्या टोपणावर येते. प्लग काढायला पान्याला जागा उरते का, हे विकत घ्यायच्या आधी विचारायचं.

मॅनिफोल्ड करतो काय, थोडक्यात

एका बाजूच्या चार सिलिंडरचा जळलेला गॅस गोळा करून एका पाईपात सोडायचा, बस. काम सोपं वाटतं पण गडबड अशी आहे की हे चारही एकेक करून सारख्या अंतराने येत नाहीत. शेवीचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर कुठल्या क्रमाने पेटतात तो) १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या बाजूला १, ३, ५, ७ आणि पॅसेंजरच्या बाजूला २, ४, ६, ८. आता बघा, ५ नंतर लगेच ७, दोघे एकाच बाजूला आणि शेजारी शेजारी. म्हणजे ५ चा धूर अजून बाहेर पडतोय तोवर ७ नंबर मागून धक्का मारतोय, लोकल दादरला थांबल्यावर उतरणारे आणि चढणारे एकाच दारात भिडतात तसं. पलीकडे ८ आणि ४ पण लागोपाठ, पण त्यांच्यात मध्ये ६ आहे, म्हणून तिथे जरा बरं. मॅनिफोल्डमध्ये या नळ्या किती लांबून आणि कशा वळणाने एकत्र येतात यावर गर्दी किती होणार ते ठरतं. सगळा फरक इतकाच आहे.

तीन पर्याय, आणि माझं मत

पहिला लॉग. बहुतेक शेवेल, कॅमारो, नोव्हा यांच्यात कारखान्यातून हाच यायचा, नाव बरोबर आहे, लाकडाचा ओंडका आडवा ठेवल्यासारखा दिसतो, चारही पोर्ट एकाच आडव्या नळीत आणि एका टोकाला तोंड. गॅसच्या वाटेने बघितलं तर कंजूष. पण शांत असतो, गळत नाही, शॉक अब्सॉर्बर काढावा लागत नाही, स्टीअरिंगला लागत नाही, कारण ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच तो त्या जागेसाठी बनवला. २५० हॉर्सपॉवरचं इंजिन असेल आणि रविवारी आईसक्रीम खायला जायचं असेल तर लॉग काढायची काही गरज नाही, खरंच नाही, त्या पैशात ब्रेक नवे करा.

दुसरा रॅम्स हॉर्न, एडक्याची शिंगं. टोकाच्या नळ्या वर जाऊन गोल वळून मध्यभागी येतात आणि तोंड मधून खाली, समोरून बघितलं की खरंच शिंगं दिसतात. कॉर्वेटवर हे असायचे. बिडाचेच, पण नळ्या जास्त मोकळ्या, वळणं गोल. १९७० ला एलटी-१ नावाचं ३५० होतं, ते कॉर्वेटमध्ये ३७० हॉर्सपॉवर आणि कॅमारो झेड/२८ मध्ये ३६० असं लिहून यायचं, इंजिन जवळजवळ तेच. या १० च्या फरकाचं श्रेय जुने लोक कॉर्वेटच्या एक्झॉस्टला देतात. कागदावरचे आकडे तेव्हा इन्शुरन्स आणि मार्केटिंग बघून पण लिहायचे म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही, पण दिशा बरोबर आहे.

तिसरा हेडर, म्हणजे पत्र्याच्या चार वेगवेगळ्या लांब नळ्या. साध्या ३५० ला एक इंच पाच सूत व्यासाच्या नळ्या पुरतात, त्याहून जाड घेतल्या तर खालच्या आरपीएमला गाडी मरगळते. ताकद यातच सगळ्यात जास्त मिळते यात वाद नाही, वरच्या आरपीएमला, मोठा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), चांगले हेड असतील तर. पण काय काय होतं ऐका. पत्रा पातळ, म्हणून आवाज टणटण येतो आणि गरमी सगळी बाहेर फेकतो, प्लगच्या वायरी जळतात, पॅसेंजरच्या बाजूला स्टार्टर अगदी खाली बसलाय तो भाजून निघतो आणि पेट्रोल पंपावर गाडी बंद केली की परत चालू व्हायला दहा मिनिटं मागतो. ऑईल फिल्टर ड्रायव्हरच्या बाजूला मागे, तिथे हात घालायचा म्हणजे चटका. ऑईलची डिपस्टिक त्याच बाजूला. मॅन्युअल गिअर असेल तर क्लचची झेड-बार म्हणून दांडी असते ती काही हेडरना घासते. आणि कलेक्टर (चारही नळ्या जिथे एकत्र येतात तो) इतका खाली लोंबतो की मिशिगनचे खड्डे (हो, इथेही असतात, हिवाळा संपला की पुण्यासारखेच) त्याला चेपून टाकतात. ओळखीतल्या एकाने स्वस्तातले हेडर घातले, दोन उन्हाळ्यात गॅस्केट तीनदा बदलल्या.

मी शिंगं घातली. रस्त्यावर चालवायची गाडी, कारखान्यातून आलं तसंच जवळजवळ इंजिन, तर माझ्या मते नवीन माणसाने लॉग आणि रॅम्स हॉर्न या दोघांतच ठरवावं, हेडर नंतर कधीही घालता येतो.

दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर तिथेही कारखान्याचेच दोन दर्जे असतात, साधा आणि भारी. पाँटियाकमध्ये ३२६ पासून ४५५ पर्यंत ब्लॉक बाहेरून एकसारखा, म्हणून लांब नळ्यांचे रॅम एअर मॅनिफोल्ड जीटीओच्या (पाँटियाकची मसल कार) लोकांचे लाडके, फक्त तुमच्या हेडचा पोर्ट डी आकाराचा की गोल ते बघा, गोल पोर्ट थोड्याच इंजिनांना होते, रॅम एअर ४ किंवा सुपर ड्यूटी ४५५ सारख्या. क्रायस्लरच्या ३८३ आणि ४४० ला एचपी मॅनिफोल्ड म्हणून मोकळे बिडाचे होते. विचार तोच, फक्त नंबर वेगळे.

जागा मोजा, मग पैसे काढा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी करत नाही. रात्री फोनवर फोटो बघतो, आवडतो, बटण दाबतो. मॅनिफोल्ड हेडवर बसेलच, प्रश्न तोंड कुठे येतं हा आहे. लॉगचं तोंड मागे, शिंगांचं मध्ये. मध्ये म्हणजे खाली फ्रेम आणि इंजिनचा माऊंट, ड्रायव्हरच्या बाजूला स्टीअरिंग बॉक्सकडे जाणारी दांडी. शेवेलमध्ये माझा पाईप तिथून निघाला पण करंगळी जाईल एवढीच फट राहिली, आणि इंजिन रेस केलं की ते एका बाजूला झुकतं हे लक्षात ठेवा, माऊंटचं रबर जुनं असेल तर जास्तच. म्हणून आधी माऊंट बघा, फाटलेला असेल तर नवा घाला, मग मोजा, नाहीतर मोजलेलं सगळं वाया.

मी काय केलं, विकणाऱ्याकडून तोंडाचा कोन आणि हेडपासूनचं अंतर मागितलं, पुठ्ठ्याचा तसाच साचा कापला, आणि अडीच इंचाच्या पाईपचा एक हातभर तुकडा घेऊन गाडीखाली झोपून धरून बघितला. बायको म्हणाली हे काय चाललंय. पण याने मला कळलं की उजवीकडे आरामात जाईल आणि डावीकडे पाईपला पहिल्या चार इंचातच वळण द्यावं लागेल.

आणखी एक सापळा आल्टरनेटरचा. १९६८ पर्यंतच्या स्मॉल ब्लॉकला वॉटर पंप आखूड आणि आल्टरनेटर ड्रायव्हरच्या बाजूला, १९६९ पासून (कॉर्वेट सोडून) पंप लांब झाला आणि आल्टरनेटर पॅसेंजरच्या बाजूला गेला. जुन्या हेडच्या टोकाला ब्रॅकेटसाठी भोकंच नसायची, म्हणून ब्रॅकेट मॅनिफोल्डलाच बोल्ट करायचे. म्हणजे लॉग काढून शिंगं घातलीत आणि संध्याकाळी लक्षात आलं की आल्टरनेटर आता हवेत लटकतोय. असं झालंय लोकांचं. गाडीचा बॉनेट उघडा, आल्टरनेटरच्या आणि पॉवर स्टीअरिंगच्या ब्रॅकेटचा प्रत्येक बोल्ट कुठे जातो ते बोटाने शोधा, फोटो काढून ठेवा.

जुना घेताना

नवे बनवलेले रॅम्स हॉर्न मिळतात, अडीच इंची तोंडाचे, आणि गाडी म्युझियममध्ये ठेवायची नसेल तर सरळ ते घ्या. पण जुन्यात मजा आहे, पेनसिल्व्हेनियात कार्लाईलला वसंतात आणि शरदात मोठा स्वॅप मीट भरतो, शेतभर लोक जुने पार्ट पसरून बसतात, आपल्याकडच्या जुन्या बाजारासारखंच, भाव करायला लागतो आणि सकाळी लवकर जायला लागतं.

मी गेलो, एकाकडे गंजलेली शिंगांची जोडी, "कॉर्वेटची आहे", म्हणाला. घेतली. घरी येऊन मोजली तर तोंड दोन इंची. शेवीच्या पिकअप ट्रकना पण शिंगांचे मॅनिफोल्ड यायचे, दोन इंची, आणि काही जुन्या कॉर्वेटना पण दोन इंचीच होते, म्हणजे माणूस खोटं बोलला असं पण म्हणता येत नाही. मीच टेप न घेता गेलो. दोन इंच आणि अडीच इंच यात फरक अर्ध्या इंचाचा वाटतो, पण भोकाचं क्षेत्रफळ काढा, ३.१ चौरस इंच आणि ४.९, म्हणजे दीडपटीपेक्षा जास्त. ती जोडी अजून गॅरेजमध्ये दाराला टेकू म्हणून आहे.

तर खिशात व्हर्नियर किंवा निदान टेप ठेवा आणि आतला व्यास मोजा, बाहेरचा नाही. मग टिचकी. उन्हाळ्यात माठ घेताना आपण कसं टिचकी मारून बघतो, खणखणीत वाजला तर घ्यायचा, तसंच. मॅनिफोल्ड दोरीला लटकवा नाहीतर एका हातात उचलून धरा (जड आहे, पाय सांभाळा) आणि छोट्या हातोडीने हलकं वाजवा. घंटेसारखा वाजला तर ठीक. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. तडा कुठे ते बघायचं तर घरी रॉकेल चोळा, वरचं पुसून कोरडं करा, वरून खडूची पावडर मारा, थोड्या वेळाने तड्यातून रॉकेल वर येऊन रेघ दिसते. तडे बहुतेक मधल्या दोन चिकटलेल्या पोर्टच्या आसपास आणि टोकाच्या बोल्टच्या कानांपाशी सापडतात. बिडाचं वेल्डिंग होतं, निकेलच्या रॉडने, आधी पूर्ण तापवून आणि मग हळूहळू गार करून, पण करणारा मुरलेला हवा, आणि तेवढ्या पैशात दुसरा येतो.

कास्टिंगची तारीख वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. एक अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एल पर्यंत डिसेंबर. बी १२ ० म्हणजे १२ फेब्रुवारी, वर्ष शून्याने संपणारं, शेवेलच्या बाबतीत १९७०. ज्यांना नंबर जुळणारी (मूळचेच पार्ट असलेली) गाडी हवी त्यांनी बघायचं की ही तारीख गाडी बनल्याच्या आधीची आहे, थोडेच आठवडे आधीची. गाडीपेक्षा तरुण मॅनिफोल्ड म्हणजे कुणीतरी नंतर बदललाय. तुम्हाला फक्त चालवायची असेल तर तारखेसाठी जास्त पैसे देऊ नका, आणि तारखेसाठीच जास्त मागणारे लोक असतात.

प्रत्येक नळीवर एकेक आटे असलेलं भोक दिसलं तर घाबरू नका, ते एअर इंजेक्शनचं, धूर कमी करायला पंपाने हवा आत सोडायचे, कॅलिफोर्नियाच्या गाड्यांना १९६६ पासून आणि नंतर बाकीच्यांनाही. तुमच्या गाडीला तो पंप नसेल तर भोकांना आट्याचे प्लग लावायला लागतील, आणि जुन्यात तुटलेली नळी आत अडकलेली असेल तर तो दिवस गेला असं समजा. मिशिगनमध्ये गाडीची वार्षिक तपासणी नाही, कॅलिफोर्नियात १९७५ आणि आधीच्या गाड्यांना स्मॉग चेक नाही, बाकी तुमच्या राज्याचं तुम्ही बघा.

पॅसेंजरच्या बाजूच्या तोंडाशी हीट रायझर असतो, त्याबद्दल नवीन लोकांना काहीच माहीत नसतं. एक झडप असते, वर गुंडाळी स्प्रिंग. इंजिन थंड असताना झडप बंद, मग गरम गॅस इनटेक मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरमधून सिलिंडरला हवा-पेट्रोल नेणाऱ्या भागाच्या) आतल्या वाटेने कार्ब्युरेटरखालून दुसऱ्या बाजूला जातो, पेट्रोलची वाफ नीट होते, चोक लवकर उघडतो. तापलं की स्प्रिंग सैल, झडप उघडी. पन्नास वर्षांनी ही झडप गंजून एकतर उघडी अडकते, मग फक्त थंडीत गाडी कुरकुरते, किंवा बंद अडकते, आणि ते वाईट, एका बाजूचा सगळा धूर इनटेकमधून जायला बघतो, कार्ब्युरेटर उकळतो, इनटेकच्या मधोमध रंग जळालेला दिसतो. हाताने फिरवून बघा, सहज फिरली पाहिजे आणि परत आली पाहिजे. नसेल तर नवी घाला किंवा तिच्या जागी नुसता बिडाचा स्पेसर मिळतो तो घाला. मी स्पेसर घातला, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या दिवसांत गाडी बाहेर काढतोच कोण.

काढणं

घालण्यापेक्षा काढणं अवघड. बोल्ट तीन सुती आहेत, इंचाला सोळा आट्यांचे, अर्ध्या शतकाची गरमी खाल्लेले. आदल्या दिवसापासून सकाळ संध्याकाळ गंज सोडवणारं तेल मारत राहा. मग इंजिन थोडं चालवून कोमट असताना पाना लावा, आधी जरासा घट्ट करायचा, मग सैल, परत घट्ट, परत सैल. जोर लावून एकदम फिरवला की मुंडकं तुटून हातात. तुटलाच तर उरलेल्या खुंटावर नट ठेवून आतून वेल्ड मारा, वेल्डच्या गरमीने आटे सैल होतात आणि नट धरून बाहेर येतो. पिंपरीत डिप्लोमाच्या ट्रेनिंगला असताना आमच्या फोरमनने हे शिकवलं होतं, इथे येऊन कामाला आलं. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटला तर स्वतः करू नका, मशीन शॉपकडे न्या.

खाली फ्लँजचे (पाईप जोडायच्या तोंडाचे) स्टड, म्हणजे मुंडकं नसलेले बोल्ट, तर तुटणारच असं धरून चला. ते गॅस कटरने कापून नवे घातलेले बरे.

सपाट आहे का, मग बसवा

स्टीलची पट्टी मॅनिफोल्डच्या तोंडांवर आडवी धरा आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) सरकवा. माझा नियम असा की दहा थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गेज कुठेही गेला तर मशीन शॉप, वरून हलकी मिलिंग. त्याहून कमी असेल तर गॅस्केट सांभाळून घेते. कारखान्यात कित्येक वर्षं स्मॉल ब्लॉकला एक्झॉस्टच्या गॅस्केटच घालत नसत, ताजं मशीन केलेलं बीड थेट बिडावर. जुन्याला मात्र घाला. गॅस्केटचं भोक पोर्टपेक्षा लहान नको, धरून बघा.

जुना मॅनिफोल्ड काढून ठेवला की तो आकसतो, टोकाची भोकं हेडच्या भोकांशी जुळत नाहीत. खरं सांगतोय, पहिल्यांदा मला वाटलं चुकीचा पार्ट आला. त्याला ताणून धरायचं टर्नबकलसारखं हत्यार मिळतं, नाहीतर टोकाची भोकं थोडी घासून मोठी करा. पण बोल्टने ओढून बसवू नका, कान तुटतो.

सगळे बोल्ट आधी नुसते बोटाने, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावून. मग मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, दोन तीन फेऱ्यांत. मधल्या बोल्टना ३० फूट-पाउंड, टोकाच्यांना २०, बिडाच्या हेडवर त्या काळच्या शेवीचे हे आकडे, तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या. टोकाचे कमी का, तर तापल्यावर मॅनिफोल्ड लांब होतो, त्याला सरकायला वाव पाहिजे, आवळून ठेवला की तडा जातो. ३० फूट-पाउंड म्हणजे फार नसतं, टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) वापरा, "हाताचा अंदाज" नको, माझ्या अंदाजाने एक कान गेलाय.

रंग? साधा इंजिन पेंट पहिल्या फेरीत जळून धूर होतो. बिडासारखा राखाडी जास्त तापमानाचा मिळतो तो मारा आणि डब्यावर लिहिलंय तसा टप्प्याटप्प्याने तापवा. पैसे असतील तर सिरॅमिक कोटिंग, बॉनेटखाली गरमी बरीच कमी होते.

पाईप सगळ्यात शेवटी

तयार वळवलेले पाईपचे सेट मॅनिफोल्ड बघून बनवलेले असतात, लॉगवाल्यांचा वेगळा, शिंगांचा वेगळा. म्हणून आधी मॅनिफोल्ड गाडीत पक्का बसू दे, मग सेट मागवा. मॅनिफोल्ड आणि पाईपच्या मध्ये डोनट गॅस्केट (जाड कडीसारखी गोल) येते, तिचा व्यास तोंडाशी जुळतो का बघा, आणि फ्लँज दोन बोल्टची की तीन ते पण. अडीच इंची मॅनिफोल्डला दोन इंची जुना पाईप जोडलात तर एवढा खटाटोप कशाला केला.

पहिल्यांदा चालू केल्यावर अर्धा तास धूर येईल, बोटांचं तेल, रंग, गॅस्केटचा चिकट, सगळं जळतं. गॅरेजचं दार उघडं ठेवा, बाहेर काढली तर अजून चांगलं. पूर्ण तापू द्या, पूर्ण गार होऊ द्या, मग परत टॉर्क रेंच. हे दोन तीनदा. मी पहिल्या वर्षी एकदाच केलं आणि ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला गेलो (१९९५ पासून भरतो, तिसऱ्या शनिवारी, एकदा बघाच), चार तास टिकटिक टिकटिक करत रांगेत सरकत होतो आणि शेजारच्या गाडीतला म्हातारा दर सिग्नलला काच खाली करून बोट दाखवत होता, सात नंबर, सात नंबर.

टिकटिक थंड असताना येते आणि तापल्यावर जाते तर ती गॅस्केटची गळती. तापल्यावरही राहिली तर व्हॉल्व्ह लिफ्टर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेतला इंजिनातला भाग) पण असू शकतो. रबरी नळीचा एक तुकडा कानाला लावून दुसरं टोक एकेका पोर्टजवळ फिरवा, हात गरम भागापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा, गळती असेल तिथे फुस फुस स्पष्ट ऐकू येतं. माझी खरंच सात नंबरलाच होती, शेवटचा बोल्ट पाऊण फेरी सैल झाला होता.